उश्माल-काबाला जाताय? मग या चुका तेवढ्या टाळा

"कान्कुनहून सकाळी निघू, उश्माल बघू, जमलं तर काबा पण करू आणि रात्री हॉटेलवर परत." मेक्सिकोच्या युकातान राज्यातली ही जुनी माया शहरं बघायला निघालेलं कुणी ना कुणी दर डिसेंबरमध्ये मला हे फोनवर सांगतं आणि दरवेळी मी तेच सांगते, की असं करू नका. कान्कुन ते उश्माल पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे जायलाच साडेचार तास, पोचता भर दुपारी, डोक्यावर युकातानचं ऊन, एकदा गोल फिरून फोटो काढायचे आणि परत गाडीत बसायचं. याला बघणं म्हणत नाहीत.

त्यापेक्षा सांता एलेनाला मुक्काम करा. छोटंसं माया गाव आहे, टेकाडावर मोठं जुनं चर्च, उश्माल तिथून १५-१६ किलोमीटर आणि काबा दुसऱ्या बाजूला त्याहून जवळ. उश्मालचं गेट ८ वाजता उघडतं, गावातून साडेसातला निघालं की पहिल्या पाच गाड्यांत आपली गाडी असते. युकातानची राजधानी मेरिदा, तिथल्या बसेस यायच्या आत तो चौक, ज्याला नन्स क्वाड्रँगल म्हणतात, तो अख्खा आपल्याला मिळतो, फक्त आपण आणि घोरपडीएवढाले इग्वाना. मी ह्यूस्टनहून आत्तापर्यंत पाच वेळा गेले आणि पाचही वेळा याच पद्धतीने, दुसरी मला पटतच नाही.

दुसरी चूक घड्याळाची, आणि ही मी डोळ्यांनी बघितलेली आहे. कान्कुन ज्या किंताना रू राज्यात आहे ते २०१५ पासून युकातानच्या एक तास पुढे आहे. जाताना तो तास फुकट मिळतो म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही, येताना मात्र तो परत द्यावा लागतो. माझी मावसबहीण, तिचे मिस्टर आणि सासू-सासरे पुण्याहून आले होते, तीन रात्री सांता एलेनाला मस्त गेल्या, शेवटच्या दिवशी कान्कुनहून दुपारी ३ चं विमान. भाऊजींनी हिशोब केला की ८ ला निघू, वाटेत वायादोलीदला खाऊ, दीडला पोचू, भरपूर वेळ आहे. मी दोनदा म्हटलं की भाऊजी तासाभराचा फरक आहे, तर म्हणाले फोन आपोआप बदलतो ना. बदलतोच! राज्याची हद्द ओलांडली आणि बाराचे एक झाले. तोपर्यंत आम्ही वायादोलीदला पाऊण तास निवांत जेवून बसलो होतो. विमानतळावर पोचलो तेव्हा तिथले अडीच वाजले होते, काउंटर बंद, चार तिकिटं गेली आणि मावशींना, म्हणजे बहिणीच्या सासूबाईंना, रात्रभर खुर्चीत बसून काढावी लागली. त्यांचे सुजलेले पाय मी विसरलेले नाही. तेव्हापासून मी विमानाची वेळ डायरीत युकातानच्या घड्याळाने लिहिते, आणि शक्यतो परतीचं तिकीट मेरिदाहूनच काढते.

पाणी. अर्धा लिटरची बाटली घेऊन उतरणारे लोक बघितले की मला काळजी वाटते. हा पुउक टेकड्यांचा भाग आहे, इथे नदी नाही, उत्तर युकातानात जागोजागी असतात तसे सेनोते, म्हणजे पाण्याचे नैसर्गिक डोह, तेही नाहीत, पाणी खूप खोल. म्हणून तर माया लोकांनी चुल्तुन खोदले, बाटलीच्या आकाराच्या भूमिगत टाक्या, आतून गिलावा केलेल्या, वर उताराची फरसबंदी म्हणजे पावसाचा थेंब न थेंब आत जाईल. आपल्या गडांवरची टाकी आठवतात की नाही? जवळच लाब्ना हे आणखी एक माया शहर आहे, तिथल्या राजवाड्यात चुल्तुन आहे, तो शोधून बघाच. आणि काबाची कोद्झ पोप ही इमारत बघताना हे डोक्यात ठेवा, अख्ख्या भिंतीवर चाक या पावसाच्या देवाचे शेकडो मुखवटे, एकेक मुखवटा वेगवेगळे घडवलेले दगड जोडून केलेला, डोळ्याची खोबण वेगळी, दात वेगळे, सोंडेसारखं वळलेलं नाक वेगळं, बरीच नाकं आता तुटलीत. एका दालनात तर ते वळलेलं नाकच आत चढायची पायरी आहे. पावसाची एवढी आस का, ते तहान लागल्यावर कळतं. पण तरी माणशी दोन लिटर घ्या.

काबाला लोक अजून एक गोष्ट चुकवतात: रस्त्याच्या पलीकडची कमान. तिथूनच उश्मालकडे जाणारा १८ किलोमीटरचा पांढरा रस्ता, साक्बे, निघायचा. पाच मिनिटं चालायचा कंटाळा करू नका.

खापराचा तुकडा, छोटा दगड "आठवण म्हणून" खिशात टाकणं: अजिबात नाही. १८४० च्या दशकात स्टीफन्स हा अमेरिकन प्रवासी लेखक आणि कॅथरवूड हा इंग्रज चित्रकार इथे आले, सांता एलेनालाच राहिले, तेव्हा गावाचं नाव नोहकाकाब होतं. काबाची कोरीव लाकडी तुळई त्यांनी न्यूयॉर्कला नेली, चिकूच्या लाकडाची, हो, आपला चिकू मूळचा तिकडचाच. शेकडो वर्षं जंगलात टिकलेली ती तुळई तिकडे १८४२ च्या आगीत जळून गेली. जिथली वस्तू तिथेच राहू द्या.

बाकी पटापट. पेसो रोख ठेवा, जवळच्या तिकुल गावच्या एटीएममधून काढून घ्या, मशीन डॉलरमध्ये हिशोब करू का विचारेल, नको म्हणा. उश्मालला दोन तिकिटं घ्यावी लागतात, एक केंद्राचं एक राज्याचं, पहिलं घेतल्यावर भांडत बसू नका. लाब्ना आणि त्याच्याजवळचं सायिल या अवशेषांसाठी बसच्या भरवशावर राहू नका, गाडी हवीच, पेट्रोल मुना किंवा तिकुलला भरून. अंधारात गाडी चालवू नका, तोपेस म्हणजे स्पीडब्रेकर दिसत नाहीत आणि सायकलवरून माणसं घरी जात असतात.

शाकाहारी असाल तर फ्रिहोलेस, म्हणजे घेवड्याची उसळ, मागवायच्या आधी "मान्तेका?" विचारा, डुकराच्या चरबीत परतलेली असते बऱ्याचदा. अंडं चालत असेल तर पापादझुलेस मागवा, उकडलेलं अंडं भरलेली मक्याची पोळी, भोपळ्याच्या बियांच्या रसातली, तिखट नसते. आबानेरो मिरचीला मात्र कोल्हापूरच्या हिशोबाने हात घालू नका, आधी थेंबभर.

आणि संध्याकाळी खोलीत एसी लावून बसू नका. चर्चशेजारच्या छोट्या म्युझियममध्ये, १९८० साली चर्चच्या जमिनीखाली सापडलेल्या लहान मुलांच्या ममी आहेत, तिथे आवाज खाली ठेवा, कुणाची तरी लेकरं आहेत ती. मग चौकात बाकावर बसा, येणारा-जाणारा प्रत्येक जण "बुएनास तार्देस" म्हणतो, तुम्ही पण म्हणा, म्हातारी माणसं आपसात माया भाषेतच बोलत असतात, अंधार पडेपर्यंत ऐकत बसता येतं.