वाडीच्या मीटिंगला अध्यक्ष झालात? मग या चुका टाळा

गणपतीत चाकरमानी आले की एका रात्री आरतीनंतर वाडीची मीटिंग असतेच, आणि "तुम्हीच बसा हो अध्यक्ष" म्हणत कोणाला तरी खुर्चीत ढकलतात. गुहागरकडच्या आमच्या वाडीत गेली पाचेक वर्षं मला ढकलतायत, त्यामुळे खालच्या बहुतेक चुका माझ्याच आहेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आपलं मत आधी सांगून टाकणं. पाखाडीचा, म्हणजे वाडीतल्या पायवाटेचा, विषय निघाला आणि मी सुरुवातीलाच बोललो, काँक्रीट नको, जांभा दगडच लावूया. झालं! अर्धे गप्प, अर्धे माझ्याशीच भांडायला उठले, आणि भांडण सोडवायचं कोणी तर अध्यक्षाने, म्हणजे परत मीच. आता मी शेवटी बोलतो, आणि राहवलंच नाही तर तेवढ्या विषयापुरतं दुसऱ्याला खुर्चीत बसवतो.

तेवढीच वाईट दुसरी. त्या पाखाडीवर दीड तास घालवला, सगळे "हो हो, ठरलं" म्हणून उठले, आणि सकाळी विहिरीवर एक सांगतोय घरटी दोन हजार, दुसरा म्हणतो छे, फक्त मुंबईकरांनी द्यायचे. म्हणून पुढच्या विषयाला हात घालायच्या आधी ठराव मोठ्याने वाचून दाखवा: काय करायचं, पैसे किती, बघणार कोण, कधीपर्यंत. सूचक-अनुमोदकाची नावं तिथेच लिहा. कोऱ्या पानावर सह्या घेऊन "प्रोसिडिंग नंतर लिहू" तर अजिबात नको, त्या एका पानापायी आमच्याकडे दोन घरं अजून बोलत नाहीत.

शिमग्यात पालखी आधी कोणाच्या अंगणात, हा विषय "ऐनवेळचे विषय" म्हणून कोणी काढला तर सरळ नाही म्हणा, नाहीतर उजाडेल.

ग्रामसभा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कायदा आहे. अध्यक्ष सरपंच, ते नसतील तर उपसरपंच. कोरम, म्हणजे सभेला किमान हजर लागणारी माणसं, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी असेल ते. माणसं कमी पडली की शिपायाला वही घेऊन घरोघर सह्यांना पाठवतात, कशाला? सभा तहकूब करा, तहकूब सभेला कोरम लागतच नाही.

आणि हो, मागे खांबाला टेकून बसलेल्या बायकांना नाव घेऊन विचारा. नळाच्या वेळेवर आम्ही पुरुष अर्धा तास वाद घालत होतो, शेवटी एका काकीला विचारलं तर म्हणाली, "अरे, वरच्या घरांना पाणी चढतच नाही, वेळ बदलून काय करताय?"