अविश्वास ठरावाच्या आदल्या रात्री स्थगिती येऊ नये म्हणून

फोर्टमध्ये एका वकीलसाहेबांकडे मी तीस वर्षं कारकुनी केली. तरीही मुलुंडच्या आमच्या सोसायटीत अध्यक्षांवर अविश्वास आणला, तेव्हा कॅव्हेट, म्हणजे ‘आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका’ असा कोर्टात आधीच द्यायचा अर्ज, लावायचं राहून गेलं. सभेच्या आदल्या रात्री साडेआठला ग्रुपवर स्थगितीचा आदेश आला. कारण काय, तर अविश्वासाच्या मागणीपत्रावर सही केलेल्या दोघांची थकबाकी आहे, त्यांना मत देता येणार नाही. सहा महिने त्याच दोघांच्या सह्यांनी चेक निघत होते, तेव्हा ही थकबाकी कुणाला दिसली नव्हती. सभा चार महिने लांबली. तुमच्यावर ही वेळ येऊ नये.

मागणीपत्र सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे दिलं, की त्याच आठवड्यात कॅव्हेट लावा. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १४८अ. समोरचा कुठे जाईल, सहकार न्यायालयात की उच्च न्यायालयात, हे वकिलांना विचारा आणि शंका असेल तर दोन्हीकडे लावा. त्याची नोटीस समोरच्याला रजिस्टर पोस्टाने (आता ते स्पीड पोस्टातच ‘रजिस्ट्रेशन’ म्हणून मिळतं), पोचपावतीसह पाठवायची. मग तुम्हाला कळवल्याशिवाय एकतर्फी आदेश मागणं त्याला अवघड जातं. मुदत ९० दिवसांची. सभा लांबली तर पुन्हा लावा.

दुसरं काम तारखांचं. ज्या नियमावर उद्या वाद होईल, तो आधी कुणी कसा पाळला, याचे कागद जमवा: थकबाकीची यादी, इतिवृत्त, अध्यक्षांच्या स्वतःच्या सह्या. कोर्टात सगळ्यात जड पडणारा प्रश्न एकच असतो, ‘इतके दिवस कुठे होतात?’

अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यात गव्हर्नर न्यूसम यांना हाच प्रश्न आडवा आला. २०२१ मध्ये त्यांना मुदतीआधीच पदावरून काढायचं का, यावर मतदान लागलं. मतपत्रिकेवर नावापुढे पक्ष हवा असेल, तर तो काढण्याच्या मागणीला लेखी उत्तर दाखल करतानाच कळवायचा होता. हा कायदा २०१९ मध्ये त्यांच्याच सहीने झालेला. वकिलाकडून कळवायचं राहिलं, आणि न्यूसम जूनअखेर कोर्टात गेले, तेही त्यांनीच नेमलेल्या राज्यसचिवांविरुद्ध. जुलैत न्यायाधीशांनी नकार दिला. १४ सप्टेंबरला पक्षाच्या नावाशिवाय मतदान झालं आणि ते मोठ्या फरकाने टिकले. पक्षाच्या ज्या नावासाठी एवढी धडपड केली, त्यावाचून त्यांचं काहीच अडलं नाही.

समोरच्याची प्रत्येक तक्रार खोटी धरू नका. तिथेच २००३ मध्ये, तेव्हाच्या गव्हर्नरांना काढण्याच्या अशाच मतदानाआधी, छिद्रं पाडायच्या जुन्या मतपत्रिकांबद्दल नागरी हक्कवाल्यांनी दावा केला होता, आणि त्यांची काळजी खरी होती. १५ सप्टेंबरला तीन न्यायाधीशांनी मतदान पुढे ढकललं, २३ तारखेला अकरा जणांच्या पीठाने तो आदेश फिरवला, ७ ऑक्टोबरला मतदान झालं. आठ दिवसांत स्थगिती उठली! स्थगिती आलीच तर दुसऱ्याच दिवशी ती उठवण्याचा अर्ज द्या. आम्ही ‘बघू पुढच्या तारखेला’ म्हणत बसलो, तिथेच चार महिने गेले.

आपल्याकडे १९५२ मध्ये पोन्नुस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की निवडणूक सुरू झाली की मधे थांबवायची नाही, तक्रार निकालानंतर. तो निकाल विधानसभेच्या निवडणुकीतला आहे, सोसायटीला जसाच्या तसा लागत नाही. तरी वकिलांना आठवण करून द्या.

यंदा सचिवांवर ठराव आला, तेव्हा मीच मुलुंडच्या पोस्टात रांगेत उभी राहिले. पावती फाईलच्या पहिल्या पानाला टाचली आहे.