ॲडव्हेंचर बाईकच्या टायरमध्ये पोर्टेबल इन्फ्लेटरने हवा कशी भरावी

मुंबईत राहणाऱ्या बाईकवाल्याने टायरची हवा घरीच, निघण्याआधी, गार टायरवर भरावी. "जाताना पंपावर टाकून घे" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. कंपनीने दिलेला आकडा गार टायरचा असतो आणि पंपावर पोचेपर्यंत टायर तापलेला असतो. आतली हवा 10 अंश सेल्सिअसने तापली की दाब साधारण दीड पीएसआयने चढतो. दहिसरहून निघून घोडबंदर रोडवरच्या पंपावर बरोब्बर 32 करून घेतलंत, तर टायर गार झाल्यावर ते 29-30 भरतात. शिवाय तिथलं गेज दिवसभर जमिनीवर आपटत असतं. पुणे एक्सप्रेसवे आणि अटल सेतू दुचाकीला बंद, म्हणजे आपण शहराबाहेर पडतो ते खड्ड्यांतून आणि पेव्हर ब्लॉकवरूनच. तिथे दोन-तीन पीएसआयची कसर रिमला भोवते.

दुसरी गरज कच्च्या रस्त्याची. माळशेजच्या आसपास दगडा-मुरुमाच्या वाटेवर हवा थोडी उतरवली की चाक जमीन धरतं. पण डांबरी रस्त्यावर परत आल्यावर ती पुन्हा चढवायला जवळ इन्फ्लेटर, म्हणजे हवा भरायचं छोटं मशीन, लागतोच. नसेल तर उतरवूच नका. कमी हवेवर हायवेला धावलेला टायर आतून तापतो आणि बाजूच्या भिंतीतून जातो.

इन्फ्लेटर बॅटरीवाला घ्या. गाडीसाठीचे वायरवाले पंप बाईकवरच्या 12 व्होल्टच्या सॉकेटला लावले की फ्यूज उडतो, कारण तो फ्यूज बहुतेक वेळा 10 अँपिअरचा किंवा त्याहून कमीचा असतो. वायरवालाच असेल तर थेट बाईकच्या बॅटरीला चिमटे लावा आणि इंजिन चालू ठेवा; मात्र सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये नाही, धूर कोंडतो.

हवेचा आकडा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) किंवा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर असतो, नाहीतर मॅन्युअलमध्ये. एकट्याचा वेगळा, मागे माणूस किंवा सामान असेल तर वेगळा. टायरच्या बाजूला छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी हवा भरायची नसते. इन्फ्लेटरचं युनिट पीएसआयवर आहे ना तेही बघा: 2.2 बार, 220 केपीए आणि 32 पीएसआय ही एकच हवा.

आता मुख्य काम. नळी लावणं आणि काढणं.

सगळे व्हिडिओ हा भाग दोन सेकंदांत उरकतात. मला मात्र याच टप्प्याने सगळ्यात जास्त दिवस छळलं. मशीन 33 दाखवून थांबायचं आणि नळी काढून वेगळ्या गेजने मोजलं की 30. कारण साधं आहे. नळीच्या टोकाला आत एक दांडी असते, ती व्हॉल्व्हमधली पीन दाबून धरते. नळी उलटी फिरवायला लागलात की आधी रबरी वॉशर सुटतं, पण दांडी पीनला अजून टेकलेलीच असते. त्या दोन-तीन आट्यांत हवा फुस्स करून निघून जाते. बाईकच्या टायरमधली जागा कारच्या टायरच्या मानाने बरीच लहान असते, त्यामुळे तेवढीच हवा गेली तरी आकडा इथे जास्त पडतो. पुढचं 21 इंची अरुंद चाक तर आणखी चिंचोळं.

म्हणून चाक आधी नीट लावून घ्या. बाईक ढकलून मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह घड्याळातल्या चार किंवा आठच्या जागी आणा, स्विंगआर्मपासून लांब, मागच्या बाजूला. अगदी तळाशी नको: बोटं शिरत नाहीत, आणि टायरमध्ये सीलंट (पंक्चर बुजवणारं द्रव) ओतलेलं असेल तर ते तिथेच साचून व्हॉल्व्हमध्ये आणि नळीत चढतं. चालवून आल्यावर भरत असाल तर डिस्कला हात लावू नका, ती चांगलीच चटका देते.

नळीचं टोक व्हॉल्व्हच्या सरळ रेषेत धरा. तिरकं धरून फिरवलं की आटे चुकतात आणि हवा गळत राहते. पहिले दोन आटे हलक्या हाताने, मग भरभर. फुस्स आवाज थांबला की बस. पक्कड लावून आवळायचं नाही, कारण जेवढं आवळाल तेवढे आटे काढताना उलटे फिरवावे लागतात.

काढताना डाव्या हाताने नळीचा पीळ मोकळा ठेवा आणि उजव्या हाताने फक्त पितळी टोक झटक्यात फिरवा. हळू, सांभाळून काढणं हीच इथली सगळ्यात वाईट सवय. आणि हे टोक गरम असतं. हवा दाबली की तापते, त्यामुळे चार-पाच मिनिटं मशीन चाललं की पितळ बोटाला सहन होत नाही. बोट भाजलं की हात आपसूक मंदावतो आणि हवा जाते. हातमोजा घाला किंवा रुमालाने धरा.

एवढं करूनही थोडी हवा जाणारच. ती किती जाते हे घरी एकदा मोजून ठेवा. 33 लावा, मशीन थांबू द्या, नळी काढा, चांगल्या गेजने मोजा. पुढच्या आणि मागच्या चाकाचा फरक वेगवेगळा येईल. तो परमनंट मार्करने इन्फ्लेटरच्या अंगावरच लिहा: "पुढे 3, मागे 2" असा. पुढच्या वेळेपासून तेवढा आकडा वाढवून लावायचा. मशीन चालू असताना स्क्रीनवर पळणाऱ्या आकड्यावर तर भरवसा ठेवूच नका, तो नळीतला दाब असतो आणि टायरपेक्षा जास्त दिसतो. वेगळं गेज बाळगायला काही जण कंटाळतात. माझ्या मते इन्फ्लेटरपेक्षा ते गेज महत्त्वाचं. नाहीतर थोडी जास्त भरायची आणि गेजने मोजत मोजत सोडायची, हाही रस्ता चांगला.

हिमालयन 411 किंवा एक्सपल्ससारख्या ट्यूबवाल्या, तारांच्या चाकांवर आणखी एक गोष्ट बघा. व्हॉल्व्ह रिममधून सरळ बाहेर आला आहे का? तिरका असेल तर टायर रिमवर सरकलाय आणि ट्यूब आत ओढली गेलीय. अशात हवा भरून निघालात तर व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो, आणि त्याला पॅच लागत नाही. सगळी हवा सोडा, टायर रिमवर फिरवून व्हॉल्व्ह सरळ करा, मग भरा. याच कारणासाठी सामान लादलेल्या ट्यूबवाल्या बाईकची हवा मी कच्च्या रस्त्यावरही 20 च्या खाली नेत नाही. सह्याद्रीतल्या टोकदार दगडावर कमी हवेचा टायर आपटला की ट्यूब रिम आणि दगडात चिमटते.

ट्यूबलेसचं पंक्चर, म्हणजे खिळा काढणं आणि भोकात रबरी प्लग घालणं, सोपं आहे. अडतं कधी, तर टायरची कड रिमवरून सुटली असेल तेव्हा. छोट्या मशीनचा जोर पुरतो, पण हवेचा लोट पुरत नाही; जेवढी भरते तेवढी कडेने निघून जाते आणि मशीन तापून बंद पडतं. तेव्हा कडेला साबणाचं पाणी लावा, पीन काढायच्या चावीने व्हॉल्व्हमधली पीन काढा आणि तशीच नळी लावा. वाट मोठी झाल्यामुळे हवा झपाट्याने जाते आणि कड "टक्" आवाज करून बसते, दोन्ही बाजूंना. मग नळी काढा. हवा जाऊ दे, बसलेली कड सहसा सुटत नाही. पीन परत बसवून आकड्यापर्यंत भरा. ही चावी स्वस्त असते. पंक्चर किटमध्ये नसेल तर वेगळी विकत घ्या. एवढं करूनही कड बसली नाही तर मशीन जाळत बसू नका, टायरवाल्याचा मोठा कॉम्प्रेसर लागेल.

भर पावसात मोकळ्यावर इन्फ्लेटर चालवायचा नाही, तो आजूबाजूची हवा ओढतो आणि तिच्यासोबत पाणीही.

व्हॉल्व्हला टोपण प्लॅस्टिकचंच लावा. दिसायला छान म्हणून ॲल्युमिनियमची रंगीत टोपणं विकतात, पण मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत ॲल्युमिनियम पितळी व्हॉल्व्हवर गंजून चिकटतं. मग ऐन रस्त्यात ते पक्कडीने पिरगाळावं लागतं आणि व्हॉल्व्हच तुटतो. इन्फ्लेटर उन्हात तापणाऱ्या टँक बॅगेत ठेवू नका, सीटखाली किंवा पॅनियरच्या (बाजूला लावायच्या सामानाच्या पेटीच्या) तळाशी ठेवा, आणि बाईक महिनाभर उभी असली तरी त्याचं चार्जिंग मधूनमधून बघत जा.