औट्रम घाटातला 'औट्रम' कोण? इंग्रजी आडनावाचं मूळ असं शोधा

चाळीसगावहून कन्नडला जाताना औट्रम घाट सगळेच चढतात, पण ते एका माणसाचं आडनाव आहे हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं. जेम्स औट्रम, 1825 पासून खानदेशात भिल्ल पलटणीचा कमांडर, मुक्काम धरणगाव. आडनाव इंग्लंडातही कमीच सापडतं आणि शोधणाऱ्याचा तोच मोठा फायदा, कारण आपल्याकडे नुसतं पाटील टाकून शोधलं तर अर्धा जळगाव जिल्हा समोर येतो, औट्रम टाकलं की मोजकीच घराणी.

सुरुवात अर्थापासून करू नका प्लीज. आधी माणूस पक्का करा, मग त्याचा बाप, मग बापाचं गाव, असं एकेक पिढी मागे जा. जेम्सचा जन्म 1803 चा, इंग्लंडातल्या डर्बीशायर काउंटीतल्या (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) बटरली हॉल या घरातला, वडील बेंजामिन औट्रम कालवे बांधणारे इंजिनिअर आणि तेही 1764 ला डर्बीशायरातच अल्फ्रेटनला जन्मलेले, म्हणजे शोधायचा पट्टा तिथेच ठरला.

मग स्पेलिंग. मूळ Outram, त्यात डबल टी, यू च्या जागी डब्ल्यू, शेवटी एएम ऐवजी आयएम, सुचेल तसं सगळं लिहून काढा, कारण चर्चचा कारकून कानावर पडेल तसं लिहायचा आणि एकाच घरातली आडनावं दोन तऱ्हेची व्हायची.

इंग्लंडात जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद 1 जुलै 1837 पासून आहे, तिची सूची फ्रीबीएमडी (FreeBMD) या साइटवर फुकट बघता येते. 1881 ची जनगणना फॅमिलीसर्च (FamilySearch) या साइटवर आहे, त्यात आडनाव टाकून कोणत्या काउंटीत गर्दी दिसते ते नीट बघा, मला तर ही सगळ्यात कामाची पायरी वाटते कारण दुर्मिळ आडनावं बहुतेक एकाच भागात दाटलेली असतात. 1837 च्या मागे जायचं तर चर्चची रजिस्टरं, ठेवायचा हुकूम 1538 चा, पण सगळ्या गावांची टिकली नाहीत.

माणूस इकडे आलेला असेल तर फिबिस (FIBIS, ब्रिटिश भारतातल्या घराण्यांच्या नोंदी ठेवणारी संस्था) ची साइट आणि 1880 चं खानदेश गॅझेटिअर चाळा, जुन्या कबरीही वाचा. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करणारा रॉबर्ट गिल 1879 ला गेला, त्याची कबर भुसावळलाच आहे.

अर्थ आता बघा. गाव किंवा जागा, बापाचं नाव, धंदा, टोपणनाव, बहुतेक आडनावं या चारात बसतात. 1818 ला खानदेशात आलेल्या ब्रिग्ज साहेबाचं आडनाव पुलावरून आलंय, उत्तर इंग्लंडात पुलाला 'ब्रिग' म्हणायचे, आपल्या -कर वाल्यांसारखंच जागेचं.

ऐकीव गोष्टी मात्र तपासा भो. बेंजामिन औट्रमच्या नावावरून 'ट्राम' शब्द आला असं लोक छातीठोक सांगतात, पण तो शब्द त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीचा आहे. आणि आडनावाचं राजचिन्ह म्हणून कोणी फ्रेम विकत असेल तर पैसे देऊ नका, इंग्लंडात ते एका माणसाला आणि त्याच्या वंशाला मिळतं, आडनावाला नाही.