आयरिश शिकताय? 'ब्यान'पासून सुरुवात करा

नोकरीसाठी डब्लिनला आल्यावर मी आयरिशच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. पहिल्या दिवशी वहीत लिहिलं: ब्यान म्हणजे बाई. स्पेलिंग बी, ई, ए, एन. पाठ झालं, पुढे गेले. तिथेच चुकलं.

दोन आठवड्यांनी 'कुमन न मान' हे नाव समोर आलं. १९१४ साली डब्लिनमध्ये स्थापन झालेली स्त्रियांची संघटना. शेवटच्या शब्दाचं स्पेलिंग एम, बी, ए, एन. कोशात 'एम'खाली शोधत बसले, सापडेना. वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी एमवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे झाका." खाली उरलं 'बान', म्हणजे 'बायकांची' या अर्थाचं षष्ठीचं अनेकवचन. पुढे आलेल्या एमने बी गिळून टाकला होता. या बदलाला 'उरू' म्हणतात.

आपल्याकडे शब्दाची शेपूट बदलते: घोडा, घोड्याला. आयरिशमध्ये तोंडही बदलतं. 'ती बाई' म्हणायचं तर 'अन व्यान'. बी नंतर एच येतो आणि उच्चार 'व' होतो. हा 'शेव्हू'. आणि 'त्या बाईचा मुलगा' म्हणजे 'माक न म्ना'. इथे तर ब्यानचा मागमूसच नाही! 'बायका' हे अनेकवचनही म्नाच, म्हणून स्वच्छतागृहाच्या दारावर तोच शब्द दिसतो. आयर्लंडच्या पश्चिमेला कॉनमाराकडे त्याचा उच्चार 'म्रा' होतो, तेव्हा कान तयार ठेवा.

हा म्ना मला फार आवडतो. आयरिश आणि संस्कृत दोन्ही जिच्यातून निघाल्या, त्या मूळ इंडो-युरोपीय भाषेतल्या एका विशिष्ट 'ग'चा आयरिशमध्ये 'ब' झाला. आपल्याकडे तो 'ग' किंवा 'ज' झाला. म्हणून गाय म्हणजे 'बो' आणि संस्कृतात 'गो'. जिवंत म्हणजे 'ब्यो' आणि संस्कृतात 'जीव'. ब्यानची बहीण वेदांतली 'जनि', म्हणजे स्त्री, पत्नी. ऋग्वेदात देवस्त्रियांसाठी 'ग्ना' हा शब्द येतो. ग्ना आणि म्ना शेजारी ठेवून बघा. मी ते वहीत एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ पान उलटवलं नाही. मात्र ब्यान आणि आपली बाई सारखे वाटतात म्हणून नातं जोडू नका. तोच ध्वनिबदल इतर शब्दांतही नियमाने दिसला पाहिजे.

इंग्रजीतून ऐकलेली 'बॅन्शी' म्हणजे मुळात 'ब्यान शी', परींच्या टेकडीतली बाई; घरात कुणाचा मृत्यू होणार असेल तर ती आधी आक्रोश करते, अशी लोकसमजूत. आयरिश बोलल्या जाणाऱ्या भागात शिकायला गेलात तर ज्या घरी उतराल, तिथली मालकीण 'ब्यान अन ती', घरची बाई.

माझा सल्ला: वहीत एकटा शब्द कधीच लिहू नका. ब्यान, अन व्यान, न म्ना, न मान, असं कुटुंबच्या कुटुंब एका ओळीत लिहा आणि मोठ्याने म्हणा. कोश घेणार असाल तर नील ओ डोनल यांचा १९७७चा आयरिश-इंग्रजी कोश घ्या. त्यात नामाची रूपं शब्दाशेजारीच दिलेली असतात.

मोजायला लागाल तेव्हा तर मराठी थेट मदतीला येईल. माणसं मोजायला आयरिशमध्ये वेगळेच शब्द आहेत: 'बेर्त वान' म्हणजे दोघी बायका, 'त्र्यूर बान' म्हणजे तिघी. वर्गातल्या इंग्रजी बोलणाऱ्यांना हे अवघड गेलं. आपण मात्र लहानपणापासून दोघी, तिघी, चौघी म्हणतच आलोय. आयरिश तशीच पुढे दहापर्यंत जाते.