दरफालनीच्या सणाला या चुका टाळा

योम किप्पूर या ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाला आम्ही कोकणातले बेने इस्राएली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, दरफालनीचा सण म्हणत आलो. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे आणि २५ तास निर्जळी. २०२६ मध्ये तो २० सप्टेंबरच्या सूर्यास्ताआधी लागतो, २१ च्या रात्री संपतो.

सगळ्यात मोठी चूक उपासात होत नाही, माफी मागण्यात होते. आदल्या दिवशी सगळ्यांना एकच व्हॉट्सॲप जातं, ‘चुकलंमाकलं माफ करा.’ मिश्ना हा आमचा जुना धर्मशास्त्राचा ग्रंथ सांगतो, देवाविरुद्धचे अपराध या दिवसाने धुतले जातात, पण माणसाविरुद्धचे त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय नाही. एका वर्षी मी थोरल्या भावाशी अबोला धरूनच कोल निद्रेला, म्हणजे सणाच्या संध्याकाळच्या पहिल्या प्रार्थनेला, उभा राहिलो. ओठांवर प्रार्थना आणि मनात दिवसभर वाटणीचा वाद. तो उपास माझ्या अंगी लागला नाही.

पुढच्या वर्षी आठवडाभर आधीच त्याच्या घरी गेलो. मोघम बोलायचं टाळलं. वडिलांच्या आजारपणात खर्च त्याच्यावर ढकलला होता, तेवढंच स्पष्ट कबूल केलं आणि माझ्या वाट्याचे पैसे पुढे ठेवले. तो गप्पच राहिला. समोरचा मानला नाही तर तीनदा जावं, अशी आपली शिकवण. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्याने ‘बस’ म्हटलं.

आता शरीराचं. चहा आदल्या दिवशी एकदम तोडलात तर डोकं ठणकतं. आठवडाभर एकेक कप कमी करा. शेवटच्या जेवणात लोणचं-पापड नको, त्याने तहान वाढते. उपास लागण्याआधी पाणी मात्र दिवसभर थोडंथोडं पीत राहा.

मधुमेह असेल, गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना आधी विचारा. गोळ्या मनाने बंद करू नका. जिवाला धोका असेल तिथे खाणं हेच धर्माचं सांगणं आहे. आजारी आईला उपाशी ठेवण्यात पुण्य नाही.

चामड्याचं पायताण चालत नाही, म्हणून कोल्हापुरी घरीच ठेवा, कापडी बूट घाला. संध्याकाळी उपास संपल्याचा शोफार, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचं वाद्य, वाजला की लगेच पाण्याच्या बाटलीला हात जातो. आधी हवदाला, म्हणजे सण संपताना म्हणायची प्रार्थना, होऊ द्या. मग सरबत, थोडं हलकं खाणं, जेवण नंतर.

दुसऱ्या दिवशी शिळा सण, दानधर्म आणि भेटीगाठींचा. त्या दिवशी आम्ही आता भावाकडे जेवायला असतो.