पीसी जोडायच्या आधीची तयारी (आणि ते तीन मिलिमीटर)

भाचीला इंजिनियरिंगसाठी पीसी जोडून द्यायचाय, आणि मागच्या वेळी स्वतःचा जोडताना जी माती खाल्ली ती परत नको म्हणून यावेळी आधी लिहून काढतोय.

पीसी कशासाठी हवाय, बजेट किती, त्यात मॉनिटर-कीबोर्ड धरलाय का, हे सगळ्यांना कळतं. पुढे.

आधी प्रोसेसर, मग त्याच्या सॉकेटचा (प्रोसेसर बसतो ती जागा) मदरबोर्ड, मग रॅम. एएमडीचा रायझन, एएम५ सॉकेटवाला घेतला तर डीडीआर५ रॅमच लागते, घरातली जुनी डीडीआर४ काढून लावू म्हणाल तर खाचच वेगळ्या जागी असते, बसणारच नाही. इंटेलच्या नंबरच्या शेवटी एफ असेल तर आत ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड घेणार नसाल तर स्क्रीन काळी. स्वस्त पडतो म्हणून दुकानदार तोच पुढे करतो, भुलू नका.

आता कूलर. हे नीट वाचा. टॉवर कूलरची (प्रोसेसर गार ठेवणारा, बोर्डावर उभा राहणारा) उंची किती मिमी आणि कॅबिनेट किती उंचीचा कूलर घेतं, हे दोन आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहा. मी नव्हते लिहिले. कूलर १५८ चा, कॅबिनेट १५५ चं. आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो म्हणून हौसेने मोठा कूलर घेतलेला, सगळं जोडलं, प्रोसेसर-कूलरच्या मधली थर्मल पेस्ट लावली, मशीन पहिल्या झटक्यात चालू झाली, आणि रात्री साडेअकराला काचेचं पॅनल बसवायला गेलो तर कूलरच्या पाइपांची टोकं काचेला टेकली. तीन मिलिमीटर! मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, पेस्ट फासलेला कूलर परत कोण घेणार? अख्खा उन्हाळा पीसी उघडा. आत पाल शिरेल म्हणून आईने त्यावर जुनी ओढणी टाकली, म्हणजे हवा बंद आणि मोठ्या कूलरचा उपयोग शून्य.

आणि नुसते आकडे जुळले म्हणून खूश होऊ नका, रॅमवर ते उंच दिव्यांचे मुकुट असतील तर कूलरचा पंखा वर सरकवावा लागतो आणि उंची पुन्हा वाढते. म्हणून रॅम बुटकी घ्या. भाचीला मी सांगितलंय, पंखे-दिवे काय हवे ते निवड, पण उंची मोजल्याशिवाय कॅबिनेट नाही. ग्राफिक्स कार्डची लांबीही तशीच, मिमीमध्ये, पुढच्या पंख्यांची जाडी वजा करून.

एसएमपीएस (आतल्या सगळ्या भागांना वीज देणारा डबा) सगळ्यात स्वस्तातला घेऊ नका, मधल्या कार्डाला ५५०-६५० वॅट पुरतात. यूपीएस बघा, घरातला ६०० व्हीएवाला साधारण ३६० वॅटच देतो, गेम चालू असताना लाइट गेली की तोही पीसीसकट बसतो. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, नाहीतर कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या. राउटर हॉलमध्ये आणि पीसी आतल्या खोलीत असेल तर वायफायवाला बोर्ड.

बिल जीएसटीचं आणि त्यावर सिरियल नंबर. वॉरंटीला लागतो, त्यावर हुज्जत घालायची तयारी ठेवा.

जोडायच्या दिवशी: चुंबकी स्क्रूड्रायव्हर, वाटी (एम.२ एसएसडीचा स्क्रू तिळाएवढा, फरशीवर पडला की गेला), विंडोजचा पेनड्राइव्ह आदल्या रात्रीच. मागची पत्र्याची पट्टी सुटी असेल तर ती बोर्डाच्या आधी. प्रोसेसरची आठ पिनची केबल कूलर बसायच्या आधी, नंतर बोटं जात नाहीत. कूलरवरून आठवलं, उंची लिहिली का?

रॅम दोन पट्ट्या, प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटला. चालू झालं की बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) एक्सपो किंवा एक्सएमपी ऑन करा, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालते. वेगळं कार्ड घेतलं असेल तर मॉनिटरची केबल त्या कार्डाला, बोर्डाला नाही. बाकीचं व्हिडिओ बघून होतं.